हातात पैसा नव्हता तेव्हा काय काय केलंत?

तळ्यातमळ्यात
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरून बांबूच्या कामट्यांचा गठ्ठा निघाला, सुतळीने बांधलेला. मुलीने विचारलं, बाबा हे टाकू? मी एकदम ओरडलोच तिच्यावर. नंतर वाईट वाटलं. तिला काय माहीत, ती तेव्हा बालवाडीत होती.

सप्टेंबर २००८ मध्ये तिकडे न्यूयॉर्कात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि फेब्रुवारीत इकडे ठाण्याच्या वागळे इस्टेटीत मी घरी बसलो. आमचा सगळा माल निर्यातीचा. ऑर्डरी थांबल्या. "तात्पुरतं आहे" असं सांगितलं होतं. वडिलांना कळू नये म्हणून दोन महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचो आणि तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठी बसायचो. सप्टेंबरपर्यंत एफडी मोडून झाली, बायकोच्या पाटल्या तारण गेल्या.

त्या वर्षी दिवाळी लवकर होती, १७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. लहानपणी चाळीत कंदील करायचो तेवढीच कला हातात. बुरुडाकडून कामट्या आणल्या, जिलेटीनचे कागद आणले, मैद्याची खळ शिजवली (त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर कीड लागते). ६० कंदील केले. एकाला खर्च ३५, विकायचा १२० ला. शेजारच्या पथारीवर घडीचे प्लास्टिकचे ८० ला. ४३ गेले. हिशेब तुम्हीच करा.

पण लक्षात राहिलंय ते दुसरंच. वसुबारसेच्या संध्याकाळी माझा जुना मॅनेजर आला, बायकोला घेऊन. भाव न करता दोन कंदील घेतले. त्याने घासाघीस केली असती तर बरं झालं असतं.

असो. तुमचे लिहा. सल्ले नकोत, सल्ले त्या वर्षी भरपूर मिळालेत.

ओली भेळ
तलावपाळी, २००९!! अहो मी पण तिथेच. मासुंदा क्लबाचे सभासद आपण 😄 डबा साडेदहालाच संपवायचो, मग दिवसभर करायचं काय हा प्रश्न.

तळ्यातमळ्यात
@ओली भेळ, निळी छत्री घेऊन पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे तुम्हीच का?

ओली भेळ
नाही हो. पण तो माणूस माहितीये. कोड्यातला शेवटचा शब्द मला विचारायचा.

सुगरण_डोंबिवली
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. २००३, ह्यांची कंपनी बंद पडली. मला नोकरीचा अनुभव शून्य. शेजारची सहा चाळीसच्या गाडीने उतरून धापा टाकत यायची आणि म्हणायची, आता भाजी कोण निवडणार. तिथून सुरुवात. आधी तिलाच, मग तिच्या लोकलच्या डब्यातल्या ग्रुपला. निवडलेली कोथिंबीर, सोललेला लसूण, चिरलेली फरसबी, खवलेला नारळ. केळफुलाला सगळ्यात जास्त मागणी, कारण ते कोणालाच निवडायचं नसतं. हात महिनाभर काळे.

पण खरा पैसा दिला तो बिरड्याने. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. रात्री ११ पर्यंत मी, सासूबाई आणि दोन्ही मुली परातीभोवती. सासूबाई आधी म्हणाल्या होत्या, लोकांच्या घरचं सोलणार का आपण? त्याच पुढे सगळ्यात भरभर सोलायच्या. श्रावणात तर पुरवता पुरवता नाकी नऊ. ह्यांना दीड वर्षाने नोकरी लागली, मी मात्र पुढे नऊ वर्षं केलं. शिट्टी झाली, येते.

कडबोळं
बिरडं 😋😋 ताई सोलायच्या आधी कोमट पाण्यात ठेवायचे ना? माझी सालं निघतच नाहीत.

सुगरण_डोंबिवली
हो, कोमट. कडकडीत नको. आणि ते पाणी ओतू नका, आमटीत घाला.

पिंपळपार
मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी बीडचा. २०१७ ला पुण्यात एमपीएससी करत होतो. अभ्यासिका, मेस, कॉटबेसिस. बापानं त्या साली कापसावर काढलेलं कर्ज बोंडअळीनं खाल्लं, त्याच्याकडं मागायचं तोंड नव्हतं. मग केटरिंगला जायला लागलो. संध्याकाळी टेम्पो यायचा, त्यात कोंबून कर्वेनगर नाहीतर सिंहगड रोडच्या लॉन्सवर. एका कार्यक्रमाचे साडेतीनशे आणि रात्री उरलेलं जेवण. पांढरा शर्ट काळी पँट लागायची. आमच्या खोलीत पोरं चार आणि पांढरे शर्ट दोन, त्यामुळं पाळीपाळीनं.

एकदा पनीरच्या काउंटरला उभा होतो आणि समोर ताट घेऊन माझा सख्खा मामा. वरपक्षाकडून आलेला. बघितलं, काही बोलला नाही. तीनदा येऊन पनीर घेतलं. मामाला पनीर आवडत नाही.

आषाढी ते तुळशीचं लग्न मुहूर्त नसतात. चातुर्मास आम्ही जेवढा कडक पाळला तेवढा कुणी पाळला नसेल.

म्हाळसाकांत
चातुर्मास 😂😂 पास झालात का शेवटी?

पिंपळपार
नाही. आता स्वतःचा टेम्पो आहे. केटरिंगवाल्यांनाच भाड्यानं देतो.

रिकामटेकडा
माझा अनुभव कमवण्याचा नाही, घालवण्याचा. घरबसल्या डाटा एन्ट्री. आधी नोंदणीचे २५०० भरले (मित्राकडून उसने). पानं टाइप करून पाठवली. मग म्हणे चुका जास्त आहेत, करार मोडला, दंड भरा, आणि वकिलाची नोटीस मेलवर. आठ दिवस झोप नाही. शेवटी गल्लीतल्या खऱ्या वकिलाला दाखवली. त्याने दोन ओळी वाचल्या आणि हसत सुटला. त्याचा चहाही मीच पाजला.

कडबोळं
सेम नोटीस माझ्या भावाला आली होती. सेम!! चुकांसकट.

खारीक
तळ्यातमळ्यात, तुमचं 'तात्पुरतं' वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. गिरणगावातला संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, आणि तो अधिकृतपणे मागे घेतलेलाच नाही. म्हणजे आमचे दादा (वडील) हिशेबाने मरेपर्यंत संपावरच होते.

मी सातवीत. आई खाणावळ चालवायची, १४ माणसं जेवायला, सगळी गिरणीतलीच. लोकांना वाटतं संपात बायकांनी खाणावळींवर घरं चालवली. पण जेवणारेच संपावर, तर पैसे कुठून? पहिले दोन महिने उधारीवर जेवण चाललं, मग एकेक जण ट्रंक घेऊन गावी गेला. वहीत नावं राहिली. आईने ती वही कधी फाडली नाही, आणि कोणाकडे पत्रही पाठवलं नाही.

मग पापड. पहाटे पीठ आणायचं, लाटून, वाळवून, दुसऱ्या दिवशी द्यायचं. दहा बाय बाराची खोली. पापड वाळायला ठेवले की आम्ही भावंडं जिन्यात. पावसाळ्यात वाळायचे नाहीत, तेव्हा स्टोव्हभोवती टोपल्या. दादा भायखळ्याहून भाजी आणून विकायचे. त्यांना ओरडता यायचं नाही. साच्यांच्या (मागांच्या) आवाजात वीस वर्षं खुणांनी बोललेला माणूस, पाटीसमोर गप्प बसून असायचा. मग मी ओरडायचो. मला मजा वाटायची तेव्हा.

सुगरण_डोंबिवली
खारीक, त्या वहीतल्या कोणी पैसे दिले का हो नंतर?

खारीक
एकाने. १९९१ ला, मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला तेव्हा. आईने घेतले आणि तेच आहेरात घातले.

बाबलो
२०२०. गोंयच्या हाटेलात होतंय, हाटेल बंद पडला नि माका घराक धाडल्यानी. नशीब काजीचो सीझन होतो. सकाळी बोंडू पुंजावचे, बियो काढूच्यो. भाव पडलेलो, पण गिऱ्हाईक येय. ओहोटीक खाडयेत खुबे (शिंपले). पैसे नाय पण निस्त्याक (माशांक) तोटो नाय 😁

उत्तरध्रुव
मी जर्मनीत एम.एस. करत होते, २०१३. विद्यार्थ्यांचं काम सुटलं आणि पुढचं मिळेपर्यंत दीड महिना. तिथे बाटलीवर अनामत असते. प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, तेवढ्याचं सामान घ्या. फुटबॉलची मॅच असली की मी खूश. ४० प्लास्टिकच्या म्हणजे १० युरो, म्हणजे तांदूळ, कांदे, दूध आणि आठवडा. आईला सांगितलं, रिसायकलिंगमध्ये पार्टटाइम करते. तिने ते सगळ्या आळीत सांगितलं. अजून एक काका मला त्या क्षेत्राबद्दल विचारतात.

ओली भेळ
"त्या क्षेत्राबद्दल" 🤣🤣

चिंचेचा कोळ
सल्ला नको म्हणालात, म्हणून अनुभव म्हणून सांगतो. २०२० ला माझी नोकरी गेली. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलं जायचं त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यात बेकारी भत्ता आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. त्याच वर्षी तो रोजच्या सरासरी पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला होता, ९० दिवसांपर्यंत. मला मिळाला, हेलपाटे घातल्यावर. पैसे येईपर्यंत शिवभोजन. एरवी १०, लॉकडाऊनमध्ये ५ रुपये. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. रांगेत सगळ्यांना मास्क होता ते बरं. माझ्या पुढे आमच्या सोसायटीचे खजिनदार होते. त्यांनीही मला ओळखलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

म्हाळसाकांत
मालक, कंदील अजून करता का? दोन हवे होते. घासाघीस करेन, काळजी नको.

तळ्यातमळ्यात
@म्हाळसाकांत 🙏 गठ्ठा सोडून बघितला तर कामट्या पोखरलेल्या, आतून नुसती पिठी. मोरचूद खळीत घातला होता, कामट्यांना कुठे लावला होता. बायको म्हणते टाकू नकोस, पण घरात नको. सध्या बाल्कनीत आहेत.

खारीक, दादांबद्दल अजून लिहा.

कडबोळं
सुगरणताई कोमट पाण्यात किती वेळ?