पाच फुटी टँकमध्ये मोठे पण शांत दक्षिण अमेरिकन सिक्लिड मासे: कोणाला कोणाबरोबर ठेवावं?

पाचबायदोन

नमस्कार मंडळी,

टँक ५ × २ × २ फुटांचा आहे, टँकबाहेर ठेवायचे दोन कॅनिस्टर फिल्टर, तळाला जाडसर रंगीत खडी. आतापर्यंत त्यात एकट्या ऑस्करचं राज्य होतं. तो म्हातारपणाने गेला. फिल्टर चालूच ठेवलेत, पण आत मासा एकही नाही.

आता पुन्हा एकटा मासा नको. मासे मोठे हवेत, माणूस ओळखणारे, काचेपाशी गेलं की पुढे येणारे. पण रोज सकाळी उठून कोणाची शेपटी कुरतडलीय ते बघायची इच्छा नाही. सेव्हरम, रेड हेड टापाजोस, उआरू आणि चॉकलेट सिक्लिड एवढे मनात आहेत. चारही प्रकार दोन-दोन घेतले तर जमेल का, की अंगाशी येईल? पाण्याचा पीएच ७.४ च्या आसपास, मध्यम हार्ड (जड). झाडांचा हट्ट नाही, पण टँक अगदी बोडकाही नको.

गढूळपाणी

दोन-दोनचा विचार आधी सोडा. तुमची यादी उत्तम आहे, घोळ आकड्यात आहे.

टापाजोस हा टोळीने राहणारा मासा. दोनच ठेवलेत तर जो दांडगा तो दुसऱ्याला दिवसभर पळवणार आणि दुसरा हीटरमागे उभा राहून वाळत जाणार. सहा-सात ठेवलेत की तीच दादागिरी सगळ्यांत वाटली जाते, कोणा एकाचा जीव जात नाही. धावाधाव दिसेल, पर फुलवून एकमेकांसमोर उभं राहणं दिसेल, पण ते बरंचसं दाखवण्यापुरतं असतं. ‘शांत’ हा शिक्का माशाच्या जातीवर मारून भागत नाही. टँकची लांबी, सोबत कोण आहे आणि टोळी केवढी आहे, या सगळ्यावर ते ठरतं.

सेव्हरमचं उलट. लहानपणी घोळक्याने राहतात, मोठे झाले की जोडी जमते आणि ती जोडी टँकचा एक कोपरा आपल्या नावावर करते. म्हणून चार-पाच पिल्लं घ्या, जोडी जमू द्या, बाकीची द्यायची कुठे ते आधीच ठरवून ठेवा. साध्या हिरव्या सेव्हरममध्ये नराच्या तोंडावर नागमोडी रेघा येतात. मादीचा चेहरा बहुतेक वेळा कोरा असतो आणि पाठीच्या परावर काळा डाग असतो. सोनेरी जातीत मात्र हे ओळखताना भले भले चुकतात.

उआरू आणि चॉकलेट या टँकमध्ये नकोत असं माझं मत. चॉकलेट स्वभावाने गरीब आहे, पण मोठा, रुंद अंगाचा मासा. सेव्हरमच्या जोडीबरोबर तोही आला की पाच फुटांत गर्दी होते. उआरूचं सविस्तर कोणीतरी लिहीलच, त्यांचे भक्त इथे आहेत.

तर माझा हिशोब असा: सहा-सात टापाजोस, सेव्हरमची एक जोडी, वरच्या थरात पळायला मोठ्या अंगाच्या टेट्रांचा घोळका आणि काचेवरच्या शेवाळासाठी एखाद-दुसरा ब्रिसलनोज, म्हणजे काचेला चिकटणारा छोटा प्लेको मासा. टेट्रा निव्वळ शोभेला नाहीत. वर लहान मासे बिनधास्त फिरताना दिसले की खालचे मोठे मासेही दडून बसत नाहीत. साधा प्लेको मात्र आणू नका. तो फूटभर वाढतो आणि रात्री चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायची सवय त्याला लागू शकते.

आता खडी. ती काढायचीच, यावर वाद नको. टापाजोस हा जिओफेगस गटातला, त्याचं जेवण वाळूत. तोंड तळात खुपसून वाळूचा घास घेतो, मग जागच्या जागी तरंगत जबडा हलवत राहतो, त्या वेळी डोळे सुद्धा खालीवर फिरत असतात. खाण्याजोगं असेल ते आत राहतं आणि वाळू दोन्ही कल्ल्यांतून बारीक धारेने खाली सांडते. काही वाळू तोंडातून थुंकतो, दोन इंच पुढे सरकतो, पुन्हा घास. दिवसभर हेच. जाड खडीत हे त्याला करताच येत नाही. केलंच तर तोंड आणि कल्ले सोलवटतात. दाणा एक मिलीमीटरच्या आतला, गोलसर, धार नसलेला हवा.

आणि हो, रिकाम्या टँकमध्ये फिल्टर नुसता फिरवत ठेवून आतले बॅक्टेरिया जगत नाहीत, त्यांना अमोनिया लागतो. मासे सोडण्याआधी टेस्ट किट लावा. थोडा अमोनिया घालून बघा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येत नसतील, तर सायकल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियांची वस्ती, पुन्हा बसवावी लागेल.

त्रिकोणी

भक्त हजर आहे. :)

गढूळपाणी दादांशी निम्मं सहमत. उआरू या टँकमध्ये नकोत हे बरोबर, पण कारण गर्दी नाही. उआरूला २८ ते ३० अंश पाणी लागतं, मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकलेलं, शिवाय पाच-सहांचा घोळका. पीएच ७.४ आणि मध्यम हार्ड पाण्यात ते मरतील असं नाही, पण खुलणार नाहीत. नायट्रेट वाढलं की डोक्यावर खड्डे पडायला सुरुवात उआरूपासून होते. सेव्हरमला त्याच पाण्यात काही झालेलं नसतं.

लहान उआरू बघून कोणी घेणारही नाही. मळकट तपकिरी अंग, त्यावर पांढरट ठिपके, पाण्यात पडलेलं कुजकं पान वाटतं. मोठेपणी कुशीवर तो काळा त्रिकोणी पट्टा उमटतो, तेव्हा माणूस बघत राहतो. पिल्लं डिस्कस माशाच्या पिल्लांसारखी आईबापाच्या अंगावरचा स्राव खातात, ते बघायला मिळालं तर बाकीचे मासे विसराल.

गंमत म्हणजे जिओफेगस, हेरॉस म्हणजे आपला सेव्हरम, आणि उआरू या तिन्ही वंशांची शास्त्रीय नोंद एकाच वर्षी झाली, १८४० मध्ये. योहान नाटेरर याने ब्राझीलमधून पाठवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नात याकोब हेकेलने ती केली. आणि टापाजोससारखा हौशी लोकांत इतका जुना मासा, त्याला शास्त्रीय नाव मिळालं २०२२ मध्ये, जिओफेगस पायरोसेफॅलस.

असो. उआरू ठेवायचेत तर टँक त्यांच्यासाठीच ठेवा, आणि झाडं लावू नका. खातात. सगळी.

पाचबायदोन

दोघांचेही आभार. उआरू आणि चॉकलेट रद्द. खडी काढतो, म्हणजे शनिवार-रविवार गेला.

पुढचे प्रश्न: वाळू फिल्टरमध्ये गेली तर इंपेलरची, म्हणजे आतल्या फिरत्या पंख्याची, वाट लागते असं ऐकलंय, त्याचं काय? सेव्हरमच्या तावडीतून वाचणारं एखादं झाड आहे का? आणि टापाजोसबरोबर दुसऱ्या जातीचे जिओफेगस मिसळले तर रंगांची विविधता येईल, तसं करू का?

गढूळपाणी

शेवटच्या प्रश्नाचं आधी: नाही. जवळच्या जाती एकत्र ठेवल्या की जोड्या भलत्याच जमतात आणि पिल्लं ना इकडची ना तिकडची निघतात. ती पुढे कोणाला तरी खऱ्या नावाने दिली जातात आणि घोळ वाढतो. शिवाय जिओफेगस नावाखाली सगळेच साधे नसतात. ब्राझिलिएन्सिस, ज्याला पर्ल सिक्लिड म्हणतात, तो चांगलाच तापट आहे.

वाळू फिल्टरमध्ये जाते, खरं आहे, पण इनटेक, म्हणजे पाणी ओढणारा पाइप, तळाला टेकलेला असेल तर. पाइप कापून तो तळापासून सहा-आठ इंच वर घ्या आणि तोंडावर जाड छिद्राचा स्पंज चढवा. स्पंज दर आठवड्याला टँकच्याच पाण्यात पिळायचा. थर दोन ते तीन सेंटिमीटर पुरे, जाड थरात खाली घाण कुजते. टाकण्याआधी वाळू बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, कंटाळा येईल, तरी धुवा. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा आहे, तुमचं पाणी आणखी हार्ड करेल, ती वापरू नका. दगड मांडायचे असतील तर आधी दगड थेट काचेवर बसवा, वाळू नंतर ओता. टापाजोस दगडाखालची वाळू उपसतात आणि दगड कलंडतो.

झाडांत अनुबियास आणि जावा फर्न. दोन्हींची पानं चिवट, सेव्हरम चावून बघतो आणि बहुधा सोडून देतो. वाळूत रोवू नका, लाकडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर टापाजोस उपटतील. सेव्हरमला हिरवं खायला मिळालं की झाडांवरचा राग कमी होतो: सालं काढलेले उकडलेले मटार, वाफवलेला पालक, स्पिरुलिनाचे दाणे. टापाजोसला बुडणारे बारीक दाणे. गायी-म्हशीचं हृदय वगैरे जुने लोक सुचवतील, ती चरबी या माशांना पचत नाही.

नायट्रेट २० पीपीएमच्या आत ठेवा. त्यासाठी दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायची तयारी ठेवा, नव्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच. तापमान २७ अंशांच्या आसपास टापाजोस आणि सेव्हरम दोघांनाही मानवतं.

काचेबाहेरून

मध्येच घुसतोय, माफ करा. माझा टँक ४ × १.५ × १.५ आहे, भरून २५५ लिटर. यातलं काहीच जमणार नाही का? विकणारा म्हणाला चार टापाजोस आरामात राहतील.

गढूळपाणी

पिल्लं राहतील, दीड इंचाची असेपर्यंत. नंतर नाही. दीड फूट रुंदीत वीस सेंटिमीटरचा मासा धड वळत नाही, आणि हरलेल्याला पळायला जागा नसते.

तुमच्यासाठी ब्लू अकाराची एक जोडी, सोबत टेट्रा. पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, अंडी घातली नसतील तेव्हा कोणाच्या वाटेला जात नाहीत, आणि निळे ठिपके उजेडात असे चमकतात की टापाजोसची हळहळ वाटणार नाही. वाळू त्यांनाही आवडते. नाहीतर फेस्टिव्हमचा छोटा घोळका, तो तर भित्राच असतो.

त्रिकोणी

फक्त ब्लू अकारा म्हणून ग्रीन टेरर गळ्यात पडणार नाही ते बघा. लहानपणी दोघे फार सारखे दिसतात. ग्रीन टेररच्या शेपटीला आणि पाठीच्या पराला पांढरी किंवा केशरी ठळक किनार येते, नराला तर जास्तच. अगदी लहान पिल्लांत ती नीट दिसत नाही, म्हणून दोन इंचांच्या वरचेच घ्या आणि शक्य असेल तर आईबाप दाखवायला सांगा. चार फुटात टेररचा नर सोबतच्या कोणालाही टिकू देत नाही.

काचेबाहेरून

दोन इंचांच्या वरचे, किनार नसलेले. लिहून घेतलं. टेट्रा आधी सोडू की अकारा?

गढूळपाणी

टेट्रा आधी. अकारा नंतर आले की टँक आपलाच आहे असं त्यांना लगेच वाटत नाही.