कणकेचा केक आणि किडनीचं पथ्य

'मैदा-साखर काढून कणीक-गूळ घातला की किडनीच्या पेशंटला केक चालतो' असं बरेचदा सांगितलं जातं, ते इथे उलटं पडतं. किडनीच्या पथ्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम जपावं लागतं. १०० ग्रॅम कणकेत फॉस्फरस साधारण ३५० मिलीग्रॅम, मैद्यात ११०च्या आसपास. पोटॅशियमही कणकेत तिपटीने. गुळातही साखरेपेक्षा पोटॅशियम बरंच जास्त. कणकेतला फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही हे खरं, पण ज्याचं पोटॅशियम वाढलंय त्याला मैदा-साखरच बरी. (सोबत डायबेटिस असेल तर तुकडा लहान, साखर मोजून.)

पण खरी गोम बेकिंग पावडरमध्ये आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक पावडरींमध्ये फॉस्फेटचं आम्ल असतं आणि हा फॉस्फरस जवळजवळ सगळा रक्तात जातो. विकतच्या केक-मफिनच्या पाकिटावर ३४१, ४५० किंवा ५४१ हे ॲडिटिव्हचे नंबर दिसले तर ते हेच फॉस्फेट. घरी १ टीस्पून पावडरऐवजी पाव टीस्पून खायचा सोडा आणि अर्धा टीस्पून व्हिनेगर घ्या. व्हिनेगर अगदी शेवटी घालायचं आणि ओव्हन आधीच तापलेला हवा. मिश्रण ठेवून दिलं तर गॅस निघून जातो, केक दडस होतो. सोडा अंदाजाने वाढवू नका, पाव टीस्पूनमध्येच ३०० मिलीग्रॅमच्या वर सोडियम आहे. वेगळं मीठ नकोच. 'लो सोडियम' बेकिंग पावडर तर मुळीच आणू नका, तिच्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम असतं. क्रीम ऑफ टार्टरचंही (सोड्यासोबत घालायची आंबट पावडर) तेच, तिच्यातही पोटॅशियम असतं.

फॉस्फेट बाइंडरची (खाण्यातला फॉस्फरस पोटातच अडवणारी) गोळी चालू असेल तर केक जेवणासोबतच खावा. चार वाजता नुसता खाल्ला तर दुपारच्या गोळीचा त्याला काही उपयोग नाही.