आर्थिक साहाय्याचा रकाना: ‘हो’ लिहावे की ‘नाही’?

काठावरचा:
मी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पदवीसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. यादीत सध्या एमआयटी, कॅलटेक, स्टॅनफर्ड, बर्कली, कार्नेगी मेलन आणि जॉर्जिया टेक अशी सहा नावे आहेत. गणित आणि भौतिकशास्त्र बरे आहे, परंतु ऑलिंपियाडचे पदक गाठीशी नाही. अडचण अशी, की घरातून वर्षाच्या खर्चाचा फार तर चौथा हिस्सा उभा राहील. आर्थिक साहाय्य हवे आहे का, या प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर परदेशी विद्यार्थ्याची संधी घटते, तेव्हा आधी ‘नाही’ लिहून प्रवेश पदरात पाडून घ्यावा आणि मदतीचे नंतर पाहावे, असा सल्ला मला दोन-तीन जणांनी दिला. तो कितपत खरा आहे? शिवाय निबंधात लिहिण्यासारखेही माझ्याकडे फारसे काही नाही. गेली दोन वर्षे गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे एक यंत्र जमवतो आहे, पण ते अजून धड चालत नाही.

फिरस्ती:
हा सल्ला कोणत्या विद्यापीठाविषयी आहे, हे विचारल्याशिवाय तो खरा की खोटा ते ठरत नाही. एमआयटी ‘नीड-ब्लाइंड’ आहे, म्हणजे निवड करताना कुटुंबाची ऐपत पाहिली जात नाही; शिवाय तेथे निवड झाल्यावर हिशेबाने ठरलेली गरज पूर्ण भागवली जाते. परदेशी विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू आहे. तेथे ‘नाही’ लिहून तुम्ही काहीच कमावत नाही. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचे धोरणही असेच आहे, आणि अभियांत्रिकीचा अर्ज करताना प्रिन्स्टन तुमच्या यादीत कसे नाही, याचे मला नवल वाटले.

स्टॅनफर्डची गोष्ट वेगळी. परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही, हे तेथे निवडीच्या वेळी विचारात घेतले जाते, त्यामुळे तुमची भीती अनाठायी नाही. परंतु प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षे ती मागता येत नाही, हाही तेथलाच नियम आहे. म्हणजे ‘नंतर पाहू’ ही वाट मुळातच बंद.

राहिली बर्कली आणि जॉर्जिया टेक. ही सार्वजनिक विद्यापीठे असून पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला तेथे गरजेवर आधारित मदत मिळत नाही. कार्नेगी मेलन खासगी असूनही परदेशी विद्यार्थ्यांना साहाय्य देत नाही, आणि अशा खासगी विद्यापीठांचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. सहापैकी तीन नावे अशी आहेत, की तेथून होकार आला तरी तुम्हाला जाता येणार नाही. कारण पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा दाखवल्याशिवाय विद्यापीठ आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा दाखला देत नाही आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही.

सांजवेळ:
फिरस्ती यांच्या उत्तराला माझ्या अनुभवाची जोड देते. मी ‘नाही’ लिहिले होते. प्रवेश मिळाला, पहिले वर्ष घरच्या पैशांवर निभावले आणि दुसऱ्या वर्षी वडिलांचा व्यवसाय बसला. मदत कार्यालयातील बाई अतिशय सौजन्याने बोलल्या आणि तितक्याच सौजन्याने त्यांनी माझ्याच अर्जातील तो रकाना मला दाखवला. एक सत्र घरी बसून, नातेवाइकांकडून कर्ज काढून मी पदवी पूर्ण केली. विद्यापीठाला दोष देण्यात अर्थ नाही, नियम आधीपासून लिहिलेला होता. मी तो वाचला नव्हता.

लंबक:
पैशांविषयी वर सगळे आलेच आहे. माझे कुतूहल त्या टाकीविषयी आहे. यंत्र ‘धड चालत नाही’ म्हणजे नेमके काय होते?

काठावरचा:
पाण्यात सोडलेल्या तांब्याच्या तारांपैकी एक दोन-तीन आठवड्यांत हिरवट पडून झिजत असे आणि पातळी चुकीची दिसू लागे. मी पाण्याला दोष देत तार बदलत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आले, की झिजणारी तार दर वेळी धन टोकाला जोडलेलीच असते. तेव्हापासून सतत वीज न देता दहा मिनिटांतून एकदा, तीही क्षणभर, देऊन पातळी मोजतो. ती तार आता चार महिने टिकली आहे. मात्र टाकी भरत असताना पाणी हिंदकळते आणि आकडा नाचतो. तो भाग अजून सुटलेला नाही.

लंबक:
आणि तुमच्याकडे लिहिण्यासारखे काही नाही म्हणता! तार का झिजली हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, पाच वेळा चुकून ते तुम्ही स्वतः हुडकले. हेच लिहा, आणि नाचणारा आकडाही लपवू नका. ‘मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात मात्र करू नका, तसे हजारोंनी लिहिलेले असते. एमआयटी कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा सामाईक ऑनलाइन अर्ज, वापरत नाही. त्यांचा अर्ज स्वतंत्र असून त्यात एका मोठ्या निबंधाऐवजी अनेक छोटी उत्तरे द्यावी लागतात, शिवाय हाताने घडवलेल्या गोष्टींचा पोर्टफोलिओ जोडण्याची सोय आहे. कॉमन अ‍ॅपवरील मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. तुमची तार तेवढ्यात बसेल.

शिफारसपत्रांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे आणि दुसरे भाषा, इतिहास अशा विषयाच्या शिक्षकांचे लागते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती झिजलेली तार पाहिलेली नसेल, तर त्यांचे पत्र गुणपत्रिकेचीच नक्कल होईल. एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा टाळता येईल असेही समजू नका: एमआयटीने ती २०२२ मध्ये आणि कॅलटेकने २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केली.

फिरस्ती:
एक भर घालतो, निराश करण्यासाठी नव्हे. एमआयटीत शंभर परदेशी अर्जदारांमागे प्रवेश मिळतो तो सुमारे दोघांना. पदवी अन्यत्र करून पीएचडीसाठी जाणे ही दुय्यम वाट नाही. अभियांत्रिकीच्या पीएचडीला तेथे बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, आणि पदवीनंतर एमएस न करता थेट अर्ज करता येतो. एमएसचा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच करावा लागतो, तेव्हा या दोन्हींची गल्लत करू नका.

काठावरचा:
सर्वांचे आभार. बर्कली, जॉर्जिया टेक आणि कार्नेगी मेलन काढून टाकली आहेत, प्रिन्स्टन घातले आहे आणि ‘हो’ लिहिणार आहे. जुन्या तारा फेकल्या नव्हत्या, डब्यात पडून आहेत. उद्या त्या घेऊन भौतिकशास्त्राच्या सरांना भेटतो.