सेव्हन्थ कॉर्डमधला कोमल नी

एका ताईंनी लिहिलंय की कीबोर्डवर सी सेव्हन ही कॉर्ड (एकत्र दाबलेले चार स्वर) वाजवताना बी दाबला की ती गोड वाटते, पण पुढच्या कॉर्डकडे ओढत नाही. कारण ती मेजर सेव्हन्थ होते. सी सेव्हन ही डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे पुढे ओढणारी कॉर्ड; तिला कोमल नी हवा, म्हणजे काळी पट्टी, बी फ्लॅट. मूळ स्वरापासून (इथे सी) काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून 4, मग 3, मग 3 पट्ट्या मोजा.

मी बेळगावच्या शहापूरचा, हात पेटीवर तयार झालेला. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या या गावात पेटीशी नातं लहानपणीच जुळतं, त्यामुळे मला हे सरगमीतूनच उमगलं. सी ला सा धरा. याच जातीची जी सेव्हन म्हणजे प, नी, रे, म; जी ला सा मानलं तर हा म म्हणजेच तिचा कोमल नी. यातले नी आणि म एकत्र दाबून थांबा. कान अस्वस्थ होतो. नी ला वरच्या सा कडे जायचंय, म ला खाली ग कडे. दोघेही अर्ध्याच स्वरावर जातात, आणि सी कॉर्ड आली की जीव भांड्यात पडतो! ही ओढ हाच या कॉर्डचा प्राण आहे.

उजव्या हाताला रे सोडून द्या. अंगठा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी वर, चौथं बोट म वर, करंगळी प वर. मग अंगठा सा वर, तिसरं बोट ग वर. करंगळी जागची हलवायची नाही. डाव्या हाताने आधी खालचा प, मग सा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून आठवडाभर एवढंच वाजवा. बाराही स्वरांत फिरवायची घाई आत्ता नको. पुढे एफ आणि जी मध्ये करा, तिथे काळ्या पट्ट्या भेटतील.