प्रति: गणपती एकत्र, मतं मात्र भावकीला

वर मुद्दा आलाय की सांगलीतल्या वाळवा-तासगावकडची पोरं जातधर्म सोडून सुधारणेचं बोलतात, पण मतदानाला भावकीतच परततात. खरंय. वाळव्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसवतात, त्याचं कौतुक जरूर करावं, पण त्यानं ग्रामपंचायतीचा कारभार बदलत नाही. त्यासाठी ग्रामसभाच गाठावी लागते.

ग्रामसभेचा कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा. मराठा, धनगर, मुस्लिम, जैन, बौद्ध अशा पाच वस्त्यांतून वीस-वीस जण आले की भागलं. न आल्यास सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरमची अटच नसते, आणि दहा-बारा टाळकी 'सर्वानुमते' ठराव करून मोकळी! नोटीस ७ दिवस आधी लागते, तिचा फोटो काढून ठेवा. विषय लेखी द्या, पोच घ्या. तोंडी मांडलेला इतिवृत्तातून हमखास गळतो. इतिवृत्ताची नक्कल मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत.

पहिल्याच सभेत पुतळा-कमानीचा विषय नको, पोरं तिथेच फुटतात. वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब मागा, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि गल्लीतलं गटार ताडून बघा. गटार सगळ्यांच्याच दारावरून जातं.

मतदार यादीत नावासाठी नमुना ६ हा अर्ज वयाची सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो. ग्रामपंचायतीला उभं राहायला मात्र २१ पूर्ण हवीत.