अभ्यासिकेतील खुर्च्यांबाबत

ब-३०४: सन्माननीय सदस्यहो, अभ्यासिकेतील टेबलखुर्च्यांचा विषय मागील सभेत ‘पुढे पाहू’ म्हणून गुंडाळला गेला. दरम्यान माझा उजवा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे बधिर होऊन मला रात्री जाग येऊ लागली आहे. टेबलाची कड मनगटात रुतून संध्याकाळपर्यंत तिथे तांबडा वळ उमटतो. नव्या खुर्च्या कधी येणार, एवढेच विचारायचे आहे.

सचिव: ताई, त्रास समजतो, तथापि सभेच्या मंजुरीशिवाय खर्च करू नये, असे लिफ्टच्या वेळी आपणच आम्हाला सुनावले होते.

अ-१०२: खुर्ची कोणतीही असो, दर अर्ध्या तासाने उठावे.

क-२०१: ताई, फिजिओथेरपिस्ट या नात्याने सांगते, हे दुखणे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. मनगटातील अरुंद बोगद्यातून एक मज्जातंतू आणि बोटे वाकवणारे ९ स्नायुरज्जू जातात. मनगट वाकवून किंवा कडेवर दाबून टाइप करत राहिल्यास त्या मज्जातंतूवर दाब येतो. शिवाय लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक नीट ठेवावा तर दुसरा बिघडतो: पडदा उंच केला की खांदे उचलले जातात, कळफलक कोपराच्या पातळीला आणला की मान झुकते. म्हणून लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून कळफलक आणि माउस वेगळे घ्यावेत; पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, हातभर अंतरावर असावी.

ड-५०३: वहिनी, आपण मागे हेच सांगितले होते, पण पडदा चढवल्यापासून माझ्या मानेत ठणका लागला आहे.

क-२०१: आपला चष्मा दुहेरी भिंगांचा आहे, म्हणून खालच्या भिंगातून वाचण्यासाठी आपण हनुवटी वर उचलता. आपण पडदा खाली घ्यावा.

अ-१०२: पुन्हा नमूद करतो, दर अर्ध्या तासाने उठावे.

ब-३०४: काका, आपण निवृत्त आहात. आमच्या बैठका दोन-दोन तास चालतात.

ड-५०३: मी मध्येच उठलो तर राजीनामा देतोय असे साहेबांना वाटेल, आणि ते स्वीकारतीलही.

अ-१०२: मीही जन्मभर खातेवह्याच लिहिल्या. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७१३ सालीच लेखनिकांच्या दुखण्यांची कारणे नोंदवली आहेत: सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. त्यांतले पहिले कोणते, ते पाहावे.

सचिव: टेबल ७५ सेंटीमीटर उंच आहे आणि खुर्च्या वर-खाली होत नाहीत, हे आज मोजून पाहिले.

क-२०१: म्हणजे कमी उंचीच्या माणसाचे खांदे वर चढणारच. तूर्त उशी घेऊन बसावे आणि पाय लोंबकळत असल्यास खाली पाट ठेवावा.

सचिव: अभ्यासिकेत चार उशा होत्या. सध्या तीन आहेत.

ड-५०३: एक माझ्याकडे आहे. कमरेमागे ठेवली की पाठ दुखत नाही.

ब-३०४: हे लेखी दिल्याबद्दल आपली आभारी आहे.

अ-१०२: उशी परत करण्यासाठी का होईना, उठावे.