वजनाचा काटा थांबतो तेव्हा : सोलापूरकरांनी आपले अनुभव लिहावेत

मागच्या श्रावणात माझे वजन ८६ किलो होते. पहिल्या तीन महिन्यांत ते ७९ किलोपर्यंत उतरले, आणि त्यानंतर पार जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ आठवडे, ते तिथेच अडून राहिले. या काळात सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने पहाटे फिरण्यात मी एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही, रात्रीचे जेवणही आठच्या आत उरकत होतो. तरीही रोज सकाळी तोच आकडा पाहून मन इतके खट्टू होई की हे सगळे कशासाठी, असा प्रश्न पडू लागला. आपल्यापैकी अनेकांनी हा टप्पा पाहिला असेल. त्या दिवसांत आपण कशाच्या आधाराने टिकून राहिलात, किंवा टिकला नसाल तर नेमके काय आड आले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिक्षिका, विजापूर रस्ता

पहिल्या महिन्यात माझे चार किलो वजन कमी झाले आणि दुसऱ्या महिन्यात जेमतेम एक. मी रडकुंडीला आले होते. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी तेव्हा समजावून सांगितले की शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, खाणे कमी केल्यावर सुरुवातीला तो साठा आणि ते पाणी लवकर निघून जाते, आणि चरबी मात्र तिच्या स्वतःच्या संथ गतीनेच उतरते. याचा अर्थ, पहिल्या महिन्यातील वेग हाच मुळात टिकणारा नव्हता आणि मी मात्र त्यालाच माझे माप मानून बसले होते. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून एक-दीड किलो वजन वाढलेले दिसते, हेही मला तोवर कोणी सांगितले नव्हते. आता मी केवळ रविवारी वजन करते, त्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातील त्याच आठवड्याशी करते, आणि सोबत शिंप्याच्या टेपने कंबर मोजते. काटा सहा आठवडे हलला नाही, त्याच काळात कंबर ९३ सेंटिमीटरवरून ८९ वर आली. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानतात, त्यामुळे वाट अजून बरीच आहे, परंतु ती सरते आहे हे मला दिसते.

हिशेबनीस, चादर कारखाना, अक्कलकोट रस्ता

मला कारण शोधायला दोन महिने लागले आणि ते माझ्याच ताटात होते. ज्वारीची कडक भाकरी, वर शेंगाचटणी आणि त्यावर सोडलेले तेल, हे माझे आयुष्यभराचे जेवण आहे आणि ते सोडण्याचा विचारही मला सहन होत नाही. भाकरी मी मोजून दोनच खात होतो, चटणी मात्र मोजत नव्हतो. एका रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर ती ठेवून पाहिली. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये नऊ. माझी दोन वेळची चटणी आणि तेल मिळून एका पूर्ण जेवणाइतके होत होते. पूर्वी, वजन ९४ किलो असताना, तेवढे खाऊनही वजन उतरत होते, कारण मोठ्या शरीराला बसता-उठताही जास्त ऊर्जा लागते. वजन ८३ वर आले, शरीराची गरज कमी झाली आणि चटणीचा हात मात्र तसाच सैल राहिला. आता एक चहाचा चमचा चटणी ताटात कोरडी घेतो आणि तेलाऐवजी दही घेतो. चव राहिली, आणि तीन आठवड्यांनी काटाही खाली सरकला.

नंदीध्वजधारी

माझे सांगणे थोडे वेगळे आहे. नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतली उंच काठी, पेलायचा तर नुसती ताकद पुरत नाही, तोल आणि दम दोन्ही लागतात, म्हणून यात्रेच्या कितीतरी आधीपासून आमचा सराव सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेच्या मार्गावर मला वारंवार ध्वज दुसऱ्याच्या हाती द्यावा लागला होता, आणि त्याची खंत मी कोणाजवळ बोललोही नव्हतो. त्या वर्षी मी सहा किलो वजन उतरवले, मग ते थांबले ते थांबलेच. मी वजन बघणे सोडले आणि सराव चालू ठेवला. या जानेवारीत अंगावर बाराबंदी, म्हणजे यात्रेतला बंदांचा पांढरा अंगरखा, चढवली तेव्हा जे बंद पूर्वी कसेबसे एकमेकांपर्यंत पोहोचत होते ते ओढून घट्ट बांधावे लागले. आईने ते पाहिले आणि काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवला. मार्गावर माझी पाळी मी पूर्ण केली. वजन आजही तेवढेच आहे. व्यायामाने स्नायू भरत असताना चरबी उतरली तर काट्याला तो फरक कळत नाही.

निवृत्त एसटी चालक

मधुमेहाला अकरा वर्षे झाली. माझे वजन ८० वरून ७६ झाले आणि पुढे हलले नाही, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल ८.४ वरून ७.१ वर आला. पाच टक्के वजन उतरले तरी साखरेवर परिणाम दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितले. मला एवढे पुरेसे आहे.

गृहिणी, जुळे सोलापूर

टिकून राहा, असे सगळेच सांगतात. मला मात्र एक सावधगिरीची गोष्ट लिहावीशी वाटते. काटा थांबला म्हणून मी खाणे आणखी कमी केले, दुपारी अर्धी भाकरी आणि रात्री नुसते ताक. दीड महिन्यात केस गळू लागले, एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कपडे वाळत घालताना चक्कर आली, आणि वजन तरीही तेवढेच. तपासणीत थायरॉइड मंदावल्याचे आणि हिमोग्लोबिन कमी असल्याचे निघाले. माझ्या चिकाटीत काही उणे नव्हते, पण त्या चिकाटीने मी स्वतःलाच उपाशी मारत होते. आता गोळी चालू आहे, मटकीची उसळ, डाळ आणि अंडी पोटभर खाते, आणि उन्हाळ्यात साडेपाचलाच फिरून येते. वजन महिन्याला अर्धा किलो उतरते आणि जिना चढताना थांबावे लागत नाही. भगिनींनो, दोन-तीन महिने काहीच हलले नाही तर ताट आणखी लहान करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या.

सुरुवात करणाऱ्याकडून

सर्वांचा मनापासून आभारी आहे. शिक्षिका ताईंचे वाचून मी काल कंबर मोजली, ती ९५ सेंटिमीटर भरली, परंतु सुरुवातीची नोंद जवळ नसल्याने ती कमी झाली की नाही हे कळेना. मग कमरेचा पट्टा काढून पाहिला. चामड्याला जिथे जुनी घडी पडलेली आहे, त्याच्या दोन छिद्रे आत मी तो आता बांधतो. काटा अडला त्या नऊ आठवड्यांतलेच त्यातले एक छिद्र आहे. ते मी नाताळच्या सुट्टीत घरीच खिळ्याने पाडले होते.